बरणीतला नमुना आणि पुस्तकातले चित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हा विषय दोन प्रकारची मंडळी काढतात. एक, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुले, ज्यांना पुस्तकातल्या चित्राची आणि डिसेक्शन हॉलमधल्या टेबलाची गाठ घालता येत नाही. दुसरी, कलानिकेतन आणि दळवीज या चित्रकला संस्थांत शिकणारी, ज्यांना चित्राकडून शरीराकडे जायचे असते. दोघांच्या बहुतेक शंका एकाच ठिकाणी येऊन अडतात. जुने शरीरचित्र जिवंत माणसाचे नसते. ते कापून, धुऊन, रंग भरून, टांगून तयार केलेल्या नमुन्याचे असते. नमुना कसा झाला हे कळले की चित्र आपोआप वाचता येते.

पुस्तकात धमनी लाल, शीर निळी. बरणीत मात्र सगळेच चहाच्या चोथ्यासारखे. असे का?

नमुना टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिन या द्रावणामुळे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रंग त्यात टिकत नाही, तपकिरी-काळपट होतो. स्नायू खाकी दिसतात, चरबी पिवळट आणि नसा (मज्जातंतू) पांढुरक्या. त्यामुळे नवख्या डोळ्याला धमनी, शीर आणि नस यांत फरकच कळत नाही. तो हाताने ओळखावा लागतो: धमनीची भिंत जाड, बोटात धरली तरी गोल राहणारी, शीर चपटी पडणारी, नस भरीव, दोरीसारखी.

लाल-निळ्याची रीत विच्छेदनाच्या टेबलावरही जुनीच आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या शरीरशास्त्रज्ञांनी रक्तवाहिन्यांत पातळ केलेले रंगीत मेण पिचकारीने भरायला सुरुवात केली. ॲम्स्टरडॅमचा फ्रेडरिक रुइश यात सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या मेणात हिंगूळ हा लाल रंग असे. मेण थंड झाले की वाहिनी फुगलेली, लाल आणि टणक राहते. म्हणून जुन्या चित्रांत रक्तवाहिन्या इतक्या भरीव आणि ठसठशीत दिसतात. मेलेल्या शरीरात त्या तशा नसतात आणि जिवंत शरीरातही नेमक्या तशा नसतात.

चित्रकार खरोखर मृतदेहासमोर बसून काढायचे का?

चांगल्या ग्रंथांचे चित्रकार, हो. पण एकाच देहासमोर बसून सगळे काढले असे क्वचितच होई. फॉर्मॅलिन नव्हते, देह काही दिवसांत बिघडायचा, म्हणून युरोपात विच्छेदन हिवाळ्यात चाले. एका देहावर पोट, दुसऱ्यावर हात, तिसऱ्यावर मेंदू, असे करत ग्रंथ पुरा होई.

अँड्रियास व्हेसालिअसचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ १५४३ मध्ये बाझेलला छापला गेला. त्यातली स्नायूंची माणसे पाहा. सुरुवातीची ताठ उभी आहेत. पुढे एकेक थर काढत गेल्यावर स्नायू कमरेखाली लोंबू लागतात आणि शेवटी देह दोरीने टांगलेला दिसतो. ती दोरी म्हणजे चित्रकाराची कल्पना समजू नका, देह उभा ठेवायची ती सोय होती. मागचा डोंगरदऱ्यांचा देखावा तेवढा शोभेचा.

सगळ्यात काटेकोर काम लायडनचा शरीरशास्त्रज्ञ अल्बिनस याचे. त्याचा ग्रंथ १७४७ चा, चित्रकार यान वांडेलार. सांगाड्यासमोर दोऱ्यांची चौकटीची जाळी उभी करायची, काही अंतरावर लहान चौकटींची दुसरी जाळी लावायची, आणि दोन्हींचे चौकोन जुळवून कागदावर उतरवायचे. सांध्यांचे बंध वाळून आखडू नयेत म्हणून सांगाडा पाणी आणि व्हिनेगर लावून ओला ठेवत. शेजारी त्याच बांध्याचा एक जिवंत माणूस उघडा उभा करून ठेवण ताडून पाहत. इतकी मेहनत करूनही वांडेलारने मागे गेंडा चरायला सोडला आहेच!

लंडनचा डॉक्टर विल्यम हंटर याचा गर्भाशयावरचा ग्रंथ १७७४ चा. त्यात ३४ मोठी चित्रे आहेत, बहुतेक यान व्हॅन रिम्सडाइकने काढलेली. प्रसूतीच्या जवळ येऊन मृत्यू पावलेल्या स्त्रीचा देह १७५० च्या सुमारास हाती आला, तेव्हा काम सुरू झाले. एका चित्रात गर्भावरच्या ओल्या पडद्यावर खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा उतरले आहे. नमुना समोर होता याचा यापेक्षा बोलका पुरावा मिळायचा नाही.

एवढे समोर बसून काढले, मग जुन्या चित्रांत चुका कशा?

तीन कारणे. पहिले, जनावराचा नमुना माणसाच्या नावावर खपवला गेला. लिओनार्दोच्या गर्भाशयातल्या बाळाचे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते. त्यातली वार अलग अलग गाठींची आहे, म्हणजे गाईची. माणसाची वार एकसंध, भाकरीसारखी चपटी गोल असते. दुसरे, जुन्या ग्रंथातले वाचून काढणे. व्हेसालिअसच्याच १५३८ च्या पत्रकांत यकृताला पाच पाळ्या आहेत. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनच्या परंपरेत ते तसे सांगितलेले होते. पाच वर्षांनी त्याने ते सुधारले. तिसरे कारण जास्त लबाड आहे: नमुना खरा, पण तयार करताना बदललेला. आवळून बसलेले मूत्राशय, हवा भरून फुगवलेले फुप्फुस, मेणाने ताणलेली शीर. चित्रकाराने समोर दिसले ते इमानाने काढले आणि चूक जशीच्या तशी छापली गेली.

‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेच्या पुस्तकाचा आपल्या भागाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि कोल्हापूरकरांना तो माहीत असायला हवा. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली सगळी चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टरची. त्याच वर्षी तो सरकारी वैद्यकीय नोकरीत मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. म्हणजे आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. चित्रांचे त्याला एकरकमी १५० पौंड मिळाले. पुस्तकाच्या विक्रीतला वाटा मिळाला नाही.

त्याची चित्रे कोरड्या, कडक लाकडाच्या आडव्या छेदावर कोरून छापली आहेत. ठसा उलटा उमटतो, म्हणून चित्र आणि अक्षरे लाकडावर उलटी काढावी लागतात. त्याने अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिले. आधीच्या ग्रंथांत क, ख, ग असे खुणेचे अक्षर आणि खुलासा दुसऱ्या पानावर, असा प्रकार असे. आजच्या विद्यार्थ्याला हे साधे वाटेल, पण परीक्षेच्या आदल्या रात्री पाने उलटणाऱ्याला त्याचे मोल कळेल.

इथे आल्यावर त्याने मदुरा फूट या पायाच्या रोगावर काम केले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांना काटा रुतून होणारा हा रोग. बुरशीचे काळे दाणे दाखवणारी रंगीत चित्रे असलेला त्याचा ग्रंथ १८७४ चा.

फॉर्मॅलिन नव्हते तेव्हा बरणीत काय घालत?

मद्यार्क. रॉबर्ट बॉइलने १६६० च्या दशकात दाखवून दिले की त्यात मांस कुजत नाही. तोंड बंद करायला डुकराच्या मूत्राशयाची ओली पिशवी ताणून बसवायची, त्यावर शिसे आणि कथलाचा पत्रा, पुन्हा पिशवी, वरून काळा रोगण. अशा बंदोबस्तातल्या बरण्या दोन-अडीचशे वर्षे टिकल्या आहेत. रुइशचा संग्रह रशियाचा सम्राट पीटर याने १७१७ मध्ये ३०,००० गिल्डरना विकत घेतला. वाटेत खलाशांनी बरण्यांतली दारू पिऊन टाकली, ही कथा तिखटमीठ लावून सांगतात. शेकडो नमुने सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आजही शाबूत आहेत. विल्यम हंटरचा भाऊ जॉन हंटर याचा लंडनचा संग्रह सरकारने १७९९ मध्ये १५,००० पौंडांना घेतला. त्याचा मोठा भाग १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेला.

फॉर्माल्डिहाइड ऊती टिकवते हे फर्डिनंड ब्लुमने १८९३ मध्ये दाखवले.

सुश्रुताने हे आधीच केले होते ना?

विच्छेदन, हो. नमुना टिकवणे, नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पद्धत स्पष्ट दिली आहे: देह मुंज वगैरे गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालायचा, वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचा, सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्यांनी हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहायचा. म्हणजे मुद्दाम मऊ करणे. फॉर्मॅलिनचे काम नेमके उलट, उकडलेल्या अंड्यासारखे घट्ट करणे. सुश्रुताच्या पद्धतीत बंध, सांधे, हाडे चांगली दिसतील. मेंदू आणि आतडी हाती लागायची नाहीत.

संग्रहालयातला ‘पॉट’, म्हणजे टाकीत द्रावणात बंद केलेला नमुना, नेमका कसा बनतो?

घाई केली की पॉट बिघडतो, म्हणून हे उत्तर लांब.

बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचे असते. त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग म्हणजे ‘दहा टक्के फॉर्मॅलिन’. त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड जेमतेम ४ टक्के. या हिशेबात दरवर्षी कोणीतरी घोळ घालतो. साधे फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आंबट होते, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते, ऊतीवर काळपट कण बसतात आणि हाडातला चुना सुटतो. म्हणून १ लिटरमध्ये १०० मिली फॉर्मॅलिन, ९०० मिली पाणी, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम असे उदासीन द्रावण करतात.

द्रावण नमुन्याच्या किमान दहापट हवे. ते आत शिरते ते ढोबळ मानाने तासाला १ मिलिमीटर, आणि खोल जाईल तसे मंदावते. अख्खे यकृत नुसते बुडवून ठेवले तर बाहेरून कडक, आतून कुजलेले निघते. त्यावर उपाय म्हणजे काप पाडणे किंवा रक्तवाहिनीतून द्रावण भरणे. फुप्फुसात श्वासनलिकेतून भरतात. हृदयाच्या कप्प्यांत कापसाचे बोळे घालतात, नाहीतर ते चपटे होते. आतडे उघडून फळीवर टाचण्यांनी ताणतात. मेंदू भांड्याच्या तळाला टेकवला की तिथे सपाट होतो, म्हणून तळाकडच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून उलटा टांगायचा आणि दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही.

रंग टिकवायचा असेल तर कार्ल कायझरलिंगची १८९० च्या दशकातली तीन पायऱ्यांची रीत. पहिले द्रावण: पाणी २ लिटर, फॉर्मॅलिन ४०० मिली, पोटॅशियम ॲसिटेट ६० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ३० ग्रॅम. नमुना घट्ट झाला की नळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर धुवायचा. दुसरी पायरी ८० टक्के अल्कोहोल. यात गेलेला लाल रंग परत येतो, आणि सगळी कसोटी इथेच लागते. तासाभरापासून काही तासांपर्यंत, डोळ्यांसमोर ठेवून, रंग पुरता खुलला की लगेच बाहेर. जेवायला गेलात आणि विसरलात तर रंग उतरतो, तो कायमचा. तिसरे द्रावण ग्लिसरीन, ॲसिटेट आणि पाण्याचे. त्यात बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे खडे टाकतात.

शेवटी नमुना ॲक्रिलिकच्या पातळ पट्टीवर तंगुसाने बांधायचा, गाठी मागे. टाकीत घालून झाकणाच्या बारीक भोकातून द्रावण ओतायचे, थोडी जागा रिकामी ठेवायची आणि बुडबुडे वर येण्यासाठी एक-दोन दिवस थांबून मगच भोक बुजवायचे. ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात. ॲक्रिलिकच्या टाकीत अल्कोहोल कधीही नको, भिंतीत केसासारख्या चिरा जातात. अल्कोहोलचा नमुना काचेतच ठेवायचा.

लेबल पेन्सिलीने किंवा काळ्या शाईने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये सुटते आणि नमुना निनावी होतो. निनावी नमुना शिकवायला निम्म्याने निकामी.

पॉटमधले पाणी काकवीसारखे पिवळे झाले आहे. फेकून द्यायचे का?

नाही. पिवळेपणा म्हणजे बहुधा धुण्यात कसर राहिली, रक्त आणि चरबी हळूहळू उतरते आहे. द्रावण बदला. वर तेलकट तवंग असेल तर तेही चरबीचेच काम. तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ते पॅराफॉर्माल्डिहाइड, थंडीत फॉर्मॅलिन साका धरते. द्रावण गढूळ आणि झाकण उघडल्यावर वास सडका, तर मात्र नमुना आतून कच्चा राहिला होता.

अल्कोहोलच्या बरणीत पातळी खाली गेली की लोक वरून ७० टक्के अल्कोहोल ओततात. पण उडून जाते ते पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त, त्यामुळे उरलेले द्रावण आधीच सौम्य झालेले असते. हायड्रोमीटर या घनता मोजायच्या उपकरणाने तीव्रता मोजून मगच भर घाला. पुरता सुकलेला नमुना एकदम तीव्र अल्कोहोलमध्ये टाकू नका, आणखी आकसेल. आधी पाण्याने मऊ करून ३०, ५०, ७० टक्के असे चढत जा.

जुने फॉर्मॅलिन मोरीत ओतायचे नाही. गटारातून ते पंचगंगेतच जाते.

गोल बरणीसमोर बसून हृदय काढले, तर ते बेढब जाड आले. हात चुकला का?

हात नाही, बरणी. द्रावणाने भरलेली गोल बरणी उभ्या भिंगासारखी वागते. मध्यभागी ठेवलेल्या वस्तूची रुंदी पाण्यात सुमारे १.३३ पट आणि ग्लिसरीनच्या द्रावणात त्याहून थोडी जास्त दिसते. उंची तेवढीच राहते. ९ सेंटिमीटर रुंदीचे हृदय १२ चे दिसते आणि चित्रात भोपळा होतो. चौकोनी टाकीत हा त्रास नाही, फक्त वस्तू काचेच्या जवळ सरकल्यासारखी वाटते, खोली तीन चतुर्थांश दिसते.

उपाय सोपा आहे. शक्य असेल तर चौकोनी पॉट मागा. नसेल तर रुंदीची मापे चौथ्या हिश्श्याने कमी करून कच्ची चौकट आखा. मागे काळे कापड लावा, ट्यूबलाइट डोक्यावर न ठेवता बाजूने येऊ द्या. रंगासाठी मातकट, गेरू, थोडा राखाडी एवढे पुरते. लाल नळी उघडायची इच्छा आवरा.

कोल्हापुरात हे नमुने कुठे पाहता येतील?

सीपीआरशी (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाशी) जोडलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय. अशा महाविद्यालयांतले शरीररचनाशास्त्र आणि विकृतिशास्त्र विभागांचे संग्रह शिकवण्यासाठी असतात, फिरायला येणाऱ्यांसाठी नसतात. आपल्या महाविद्यालयाच्या पत्रावर विभागप्रमुखांच्या नावे अर्ज करावा. किती जण, किती वेळ, काय काढणार हे लिहावे. परवानगी मिळाली तरी फोटो काढायचा नाही असेच समजून चाला.

न्यू पॅलेसमधले वाघ आणि गवे याच प्रकारचे का, असेही विचारतात. नाही. तिथे फक्त कातडे जनावराचे, आत साचा. आतल्या अवयवांचा पत्ताच नसतो.

चित्रकाराला प्रेत पाहायलाच हवे का? तालमीतला पैलवान पुरणार नाही?

वरवरच्या शरीरासाठी पैलवान उत्तमच, आणि ते भाग्य या गावाइतके दुसरीकडे कुठे मिळणार. जोर मारताना दंडाचा स्नायू कुठे आखडतो, मांडी कुठे फुटते, हे बरणीत कधीच दिसणार नाही. पण स्नायू हाडाला कुठे धरतो आणि कशाखालून जातो हे तालमीत कळत नाही. अल्बिनसने सांगाड्याशेजारी जिवंत माणूस उभा केला तो याचसाठी. सकाळी तालीम, दुपारी बोन सेट (अभ्यासाची सुटी हाडे), हा क्रम आम्ही सुचवू.

या बरण्यांतली आणि चित्रांतली माणसे कोण होती?

बहुतेक वेळा ज्यांना नकार देता आला नाही अशी. फाशी गेलेले, बेवारस, गरिबांच्या इस्पितळात वारलेले. चार्ल्स बर्न या उंच आयरिश माणसाने आपला देह समुद्रात बुडवावा असे सांगून ठेवले होते, तरी जॉन हंटरने तो मिळवला. तो सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे लंडनमध्ये मांडलेला होता. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा तो मांडलेला नव्हता. व्हिएन्नाचा शरीरशास्त्रज्ञ पेर्नकोफ याच्या ॲटलासमधली चित्रे रेखीव आहेत, पण नाझी राजवटीत मृत्युदंड दिलेल्या तेराशेहून अधिक लोकांचे देह त्याच्या शरीररचना संस्थेत आले होते, हे विद्यापीठाच्याच चौकशीत पुढे आले. ती चित्रे वापरायची असतील तर निदान हे सांगून वापरावीत, असे आमचे मत.

भारतातून मानवी सांगाड्यांची निर्यात १९८५ मध्ये बंद झाली. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस देह आणि देहदान या दोन्हींची वाट आखली आहे. देहदान करायचे असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागातून अर्ज घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा, कारण अर्ज कितीही भरला तरी फोन त्यांनाच करावा लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य रोगाचा देह सहसा घेत नाहीत. देह देण्याआधी नेत्रदान करता येते, मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत.

घरात जुने शरीरचित्र सापडले. अस्सल आहे का, आणि पावसाळ्यात कसे जपायचे?

दहापट भिंगाखाली पाहा. रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर आधुनिक छपाई. कडेने चौकोनी दाबाची खूण बोटाला लागली तर ताम्रपट. रेघ जाड, मजकुराच्याच पानावर छापलेली, कागदाच्या मागे किंचित उठाव, तर लाकडी ठसा. खडूसारखा रवाळ पोत आणि दाबाची खूण नाही, तर शिळाछाप.

जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत घाम धरते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बंद केले तर बुरशी आणि काचेला चिकटवून फ्रेम केले तर डाग. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. कसर लागू नये म्हणून वेखंड किंवा डांबराची गोळी कपाटात ठेवा, कागदाला लागून नाही.

२०१९ किंवा २०२१ सारखा पूर घरात आलाच, तर ओली पाने उन्हात टाकू नका, ती वेडीवाकडी होतात. एकेक पान कोऱ्या पांढऱ्या कागदांत, पंख्याखाली. वर्तमानपत्राची शाई उतरते, ते वापरू नका. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने सोडवा. हाताने रंगवलेल्या चित्रावर टिपकागद दाबू नका, रंग त्यालाच लागून येतो.

घरी एखादा नमुना करून पाहावा म्हणतो. चालेल?

माणसाचा, अजिबात नाही. फॉर्मॅलिनही घरी आणू नका. डोळे-घसा जाळतेच, शिवाय ते कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. मटणाच्या दुकानातून बोकडाचे अख्खे हृदय मागा, वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या न कापता. थंड पाण्यात गुठळ्या धुऊन काढा. महाधमनीत बोट घालून डाव्या कप्प्यापर्यंत जा आणि त्याच वाटेने कात्रीने उघडा. झडपेचे तीन खिसे दिसतील, त्यांच्या वर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची दोन बारीक तोंडे. डावी भिंत उजवीच्या कितीतरी जाड आहे हे पट्टीने मोजा आणि चित्रावर आकडा लिहा. दोन तासांत काढून संपवा, फळी आणि सुरी गरम पाणी-साबणाने धुवा, आणि उरलेले त्याच दिवशी कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका.